घेतलेला निर्णय परत परत घेणं कसं थांबवायचं?

पुनर्वसू | सोमवार, रात्री १०:४०

नऊ वर्षांपूर्वी मी हिशेबाच्या नोकरीत होते, आणि जुन्या हस्तलिखितांचं जतन करण्याच्या दोन वर्षांच्या पूर्णवेळ प्रशिक्षणासाठी माझी निवड झाली होती. कीड लागलेली, शाईनेच खाऊन टाकलेली पानं सांधण्याचं काम. होकार कळवायच्या आठवड्यात आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. मी नकार कळवला. सात महिन्यांत आई काठीशिवाय चालायला लागली. धाकटी बहीण तेव्हाही म्हणत होती, "ताई, आईचं मी बघते, तू जा."

आज माझं काही वाईट चाललेलं नाही. नोकरी बरी आहे, सोबतची माणसं चांगली आहेत. पण तो नकार मी एकदा कळवला आणि तेव्हापासून जवळजवळ रोज पुन्हा कळवते आहे. बसमध्ये, कपडे वाळत घालताना, रात्री दिवा मालवल्यावर. सगळी कारणं नव्याने मांडायची आणि शेवटी "जायला हवं होतं" इथेच येऊन थांबायचं.

निर्णय कसा घ्यावा, हे मी विचारत नाहीये. घेऊन झालेला निर्णय परत परत घेणं कुणाला थांबवता आलंय का? आलं असेल तर कसं, ते सांगा.

सरळरेषा | सोमवार, रात्री ११:०५

मागे वळून बघायचंच नाही. मी दोनदा क्षेत्र बदललं, एकदा घर सोडलं. एकदा ठरवलं की फाइल बंद. लोक काय म्हणतात, आपलंच मन काय म्हणतं, कशालाच दाद द्यायची नाही. सवयीने जमतं.

रानवाटा | सोमवार, रात्री ११:२०

पुनर्वसू, अगदी मनातलं लिहिलंस. मला नाही जमलेलं, पण वाचत राहणार आहे.

कातरवेळ | मंगळवार, सकाळी ७:५०

सरळरेषा, राग मानू नका, पण "फाइल बंद" म्हणणाऱ्या माणसाच्या घरात मी लहानाची मोठी झाले. बाबांनी अकरा नोकऱ्या बदलल्या. एकदाही त्यांना चुकल्यासारखं वाटलं नाही, आणि ते हे अभिमानाने सांगायचे. आम्ही भावंडं मात्र सात शाळांमधून गेलो. दर वेळी नवा वर्ग, मधल्या सुट्टीत एकटं उभं राहणं. त्यांची फाइल बंद व्हायची, आमची उघडीच राहायची. मागे वळून न बघणाऱ्याच्या वाटचं दुसऱ्या कुणालातरी बघावं लागतं.

म्हणून पुनर्वसू, तुला परत परत आठवतं यात मला सगळंच वाईट दिसत नाही. निदान आपण काय सोडलं याची तुला जाण आहे.

सरळरेषा | मंगळवार, सकाळी ८:३०

राग कसला. या बाजूने मी कधी विचार केला नव्हता. माझ्या निर्णयांची झळ फारशी कुणाला लागली नाही, मी एकटाच होतो. तो फरक मोठा आहे, मान्य.

गणितवेडा | मंगळवार, सकाळी १०:१५

थोडं अभ्यासातलं सांगतो, कारण हा प्रश्न लोकांनी खरोखर तपासला आहे. टॉम गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९० च्या दशकात लोकांना पश्चात्तापाबद्दल विचारलं. नजीकच्या काळातलं विचारलं की केलेल्या गोष्टी सलतात: बोलायला नको होतं, घ्यायला नको होतं. पण सगळं आयुष्य डोळ्यांसमोर ठेवून विचारलं की पारडं उलटं फिरतं आणि न केलेल्या गोष्टी वर येतात.

कारणही समजण्यासारखं आहे. केलेली चूक आपण निस्तरतो, तिच्यातून काहीतरी शिकलो म्हणतो, मग ती बोथट होते. न केलेल्या गोष्टीला शेवट नसतो. तू त्या प्रशिक्षणाला गेली असतीस तर तिथे एखादा रटाळ महिना आला असता, एखादा खडूस शिक्षक भेटला असता, पाठ दुखली असती. गेली नाहीस, म्हणून ती दोन वर्षं आजही कोरी करकरीत आहेत. खरं आयुष्य आणि कोरं आयुष्य यांची तुलना केली तर खरं आयुष्य कधीच जिंकत नाही.

पुनर्वसू | मंगळवार, दुपारी १:१०

"आजही कोरी करकरीत" हे वाचून थांबले. मी त्या प्रशिक्षणातला एकही वाईट दिवस कधी कल्पिलेला नाही. एकही नाही.

दोलायमान | मंगळवार, दुपारी २:००

धाग्यात घुसतोय, क्षमा असावी. मला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं आहे. वरच्या पदावर दुसऱ्या शहरात बदली. हो म्हटलं तर मुलीची शाळा, बायकोची नोकरी सगळंच हलणार. नाही म्हटलं तर पुन्हा विचारतील याची खात्री नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दोन रकाने करून कारणं लिहिली, दोन्हीकडे नऊ-नऊ भरली.

शाईपेन | मंगळवार, दुपारी २:२५

रकान्यांचा इतिहास मोठा आहे. बेंजामिन फ्रँकलिनने १७७२ मध्ये जोसेफ प्रिस्टलीला लिहिलेल्या पत्रात हीच पद्धत सांगितली आहे. मधोमध रेघ, एकीकडे बाजूची कारणं, दुसरीकडे विरोधातली, आणि तीन-चार दिवस जसं सुचेल तसं भरत जायचं. पण लोक पुढचा भाग विसरतात. कारणं मोजायची नाहीत, तोलायची. इकडचं एक कारण तिकडच्या दोघांच्या तोडीचं वाटलं तर तिन्ही खोडायची. असं खोडत खोडत उरेल ते बघायचं.

आणि डार्विन! जुलै १८३८ मध्ये त्याने लग्न करावं की नाही याचे दोन रकाने लिहिले. विरोधात: वेळेचा नाश, संध्याकाळी वाचता येणार नाही. बाजूने: आयुष्यभराची सोबत, "निदान कुत्र्यापेक्षा बरी." जानेवारी १८३९ मध्ये एम्माशी लग्न झालं.

रानवाटा | मंगळवार, दुपारी २:४०

एम्माच्या हाती तो कागद पडला असता तर तिने स्वतःचे दोन रकाने काढले असते! :)

भिंगरी | मंगळवार, दुपारी ३:०५

आणि पहिल्या रकान्यात "कुत्रा पाळावा" लिहिलं असतं.

निवांत | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

दोलायमान, नाणं उडवा. मनापासून सांगतोय. नाणं हवेत असताना आपल्याला कुठली बाजू हवी आहे ते कळतं म्हणतात.

आणि यावर प्रयोगही झाला आहे. अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी संकेतस्थळ काढून, ठरत नाही अशा लोकांना नाणेफेकीचं आमंत्रण दिलं. नोकरी सोडू का, नातं तोडू का, असे प्रश्न. वीस हजारांवर नाणेफेकी झाल्या. नाण्याने "बदल कर" सांगितलेल्या लोकांनी बदल करण्याचं प्रमाण खरोखर जास्त होतं. सहा महिन्यांनी विचारलं तेव्हा मोठ्या निर्णयात बदल केलेले लोक, आहे तिथेच राहिलेल्यांपेक्षा जास्त समाधानी निघाले.

गणितवेडा | मंगळवार, संध्याकाळी ७:००

प्रयोग चांगला आहे, पण जपून. तिथे आलेले लोक आपणहून आलेले होते. अनोळखी संकेतस्थळावर नाणं उडवायला जाणारा माणूस बहुधा मनातून बदलाकडे झुकलेला असतो. त्यावरून दोलायमानच्या मुलीच्या शाळेबद्दल काही सिद्ध होत नाही.

दोलायमान | मंगळवार, रात्री ९:१५

उडवलं. "हो" आलं. मग म्हटलं, तीनपैकी दोनदा येईल ते खरं.

भिंगरी | मंगळवार, रात्री ९:१८

म्हणजे तुमचं उत्तर "नाही" आहे. अभिनंदन!

दोलायमान | मंगळवार, रात्री ९:३०

इतकं सोपं नाही हो. दुसऱ्यांदा "नाही" आलं, तेव्हाही पोटात खड्डा पडला.

संध्यासूर | बुधवार, पहाटे ५:४०

मी इथे क्वचित लिहिते. वय बहात्तर. पुनर्वसूचा प्रश्न वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहिते.

चार वर्षांपूर्वी यजमानांच्या हृदयाची शस्त्रक्रिया करायची की औषधांवरच ठेवायचं, हे मला ठरवावं लागलं. ते म्हणाले, "तू ठरव, मला आता विचार करवत नाही." डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. केली तर धोका आहे, पण पुढची वर्षं चांगली जाण्याची शक्यता बरीच आहे. नाही केली तर हळूहळू खालावत जातील. दोन दिवस मी सगळ्यांना विचारलं. मुलगा परदेशातून म्हणाला, "आई, तुला योग्य वाटेल ते कर." वाक्य चांगलं आहे, पण त्याने सगळा भार माझ्याकडे आला. मी सही केली. अठराव्या दिवशी ते गेले.

त्यानंतर मुलगा एकदाच बोलून गेला, "औषधांवर ठेवलं असतं तर..." आणि गप्प झाला. ते अर्धं वाक्य मी चार वर्षं पुरं करते आहे.

मला थांबवता आलेलं नाही, पुनर्वसू. थोडा फरक पडला तो एवढाच. एक दिवस मी त्या दोन दिवसांची आठवण क्रमाने लिहून काढली. काय विचारलं, कोण काय म्हणालं, मला काय माहीत होतं. लिहिताना एक सुटलेली गोष्ट आठवली. सही करायच्या आदल्या रात्री ते मला म्हणाले होते, "बरा झालो की पुन्हा टेकडी चढायची आहे." हे मी विसरलेच होते. मला फक्त सही आठवत होती.

कातरवेळ | बुधवार, सकाळी ७:१०

काकू, तुमच्याजवळ येऊन बसावंसं वाटलं.

तुळशीपत्र | बुधवार, सकाळी ८:००

संध्यासूर काकू, मी परिचारिका आहे. असे निर्णय घेणारी माणसं रोज पाहते. दोन घरं अगदी सारख्याच माहितीवर सारखाच निर्णय घेतात. एका घरचा माणूस चालत बाहेर पडतो, दुसऱ्या घरचा नाही. पहिल्या घराला सगळे म्हणतात, "धाडस केलंत, बरं केलंत." दुसऱ्या घराला कुणी काही म्हणत नाही, पण बघतात. निर्णय तोच असतो.

गणितवेडा | बुधवार, सकाळी ९:२०

तुळशीपत्र यांनी जे पाहिलं आहे तेच जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी १९८८ मध्ये प्रयोगात पाहिलं. लोकांना हृदय-शस्त्रक्रियेच्या निर्णयाची गोष्ट वाचायला दिली. धोका तोच, माहिती तीच, फक्त शेवट वेगळा. रुग्ण दगावला असं सांगितलं की तोच निर्णय लोकांना कमी शहाणपणाचा वाटला. निकाल कळल्यावर आपण निर्णयाला गुण देतो, आणि ते निकालाचे गुण असतात.

काकू, हे लिहिताना हात अडखळतोय. आकड्यांनी दुःख हलकं होत नाही हे कळतं. पण तुम्ही ठरवलंत तेव्हा अठरावा दिवस तुमच्या हातात नव्हता, हे मला सांगायचं होतं.

संध्यासूर | बुधवार, सकाळी ११:५०

बाळा, हे डोक्याला पटतं. रात्री अडीच वाजता डोकं झोपलेलं असतं आणि बाकीचं सगळं जागं असतं. पण लिहिलंत ते बरं केलंत. मुलाला हे वाचायला पाठवते.

पाऊलवाट | बुधवार, दुपारी ३:३०

मुळात आपल्याकडे पर्याय फार झालेत, हे कुणी बोललं नाही अजून. मला सगळ्यात उत्तम तेच हवं असतं. साधा फोन घ्यायला तीन आठवडे घालवते, आणि घेतल्यावर महिनाभर दुसऱ्या फोनांची परीक्षणं वाचते.

शाईपेन | बुधवार, दुपारी ४:१०

हर्बर्ट सायमन यांनी १९५० च्या दशकात याच्या बरोबर उलट मांडलं. माणसाला सगळे पर्याय तपासणं शक्यच नसतं. तो आपल्या मनाशी एक पातळी ठरवतो आणि ती गाठणारा पहिला पर्याय उचलतो. त्यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढे शीना आयंगार, रेचेल वेल्स आणि बॅरी श्वार्ट्झ यांनी नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्यांवर अभ्यास केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. "सर्वोत्तमच हवं" म्हणणाऱ्यांना सुमारे वीस टक्के जास्त पगाराच्या नोकऱ्या मिळाल्या, आणि त्या मिळूनही ते कमी समाधानी होते.

सरळरेषा | बुधवार, दुपारी ४:४०

वीस टक्के जास्त असतील तर थोडं असमाधान मी सोसायला तयार आहे!

निवांत | बुधवार, संध्याकाळी ५:२०

पर्याय जास्त म्हणजे त्रास जास्त, हेही सरसकट खरं नाही. आयंगार यांच्याच २००० सालच्या निबंधाच्या प्रयोगात सहा विषय दिलेल्या वर्गात ७४ टक्के मुलांनी निबंध लिहिला, तीस विषय दिलेल्या वर्गात ६० टक्क्यांनी. पण २०१० मध्ये अशा पुष्कळ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. कधी गोंधळ वाढतो, कधी नाही. आपल्याला काय हवं आहे हे आधीच ठाऊक असेल तर तीस काय, तीनशेही चालतात.

पाऊलवाट | बुधवार, संध्याकाळी ५:४५

म्हणजे दोष फोनांचा नाही. :)

मध्यमा | गुरुवार, सकाळी ९:००

पुनर्वसूच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांचा २००२ मधला प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेली दोन छायाचित्रं मोठी करून घेतली, त्यातलं एक ठेवायचं, एक द्यायचं. काहींना सांगितलं, काही दिवसांत मत बदललं तर बदलून मिळेल. काहींना सांगितलं, दिलं ते दिलं. ज्यांना बदलून मिळणार नव्हतं त्यांना आपलं छायाचित्र जास्त आवडलं. आणि गंमत बघा, आधी विचारलं तर बहुतेकांना बदलायची मुभाच हवी असते.

दार उघडं आहे तोवर मन चौकटीतच उभं राहतं. पुनर्वसू, तुझ्या बाबतीत ते दार खरंच बंद झालंय का? की आत कुठेतरी तू ते किलकिलं ठेवलं आहेस? आधी याचं उत्तर शोध. बंद असेल तर नीट लावून घे, आणि उघडं असेल तर नुसतं बसमध्ये विचार करत बसू नकोस, एकदा जाऊन आत बघून ये.

रानवाटा | गुरुवार, सकाळी ९:२५

+१. शेवटचं वाक्य माझ्यासाठीही.

कातरवेळ | गुरुवार, सकाळी १०:००

पटलं, पण एक भर. "नीट लावून घे" म्हणताना ते कुणी लावलं हेही बघायला हवं. पुनर्वसूने लिहिलंय, बहीण "जा" म्हणत होती. या सगळ्यात आईने काय म्हटलं ते कुठेच आलेलं नाही. पुनर्वसू, आईला हे माहीत आहे का?

पुनर्वसू | गुरुवार, दुपारी १२:३०

नाही. निवड झाल्याचंच मी आईला सांगितलं नव्हतं. आधी सगळं पक्कं होऊ दे म्हटलं. मग ती पडली.

तुळशीपत्र | गुरुवार, दुपारी १२:५०

पुनर्वसू, तेव्हाचं काही लिहिलेलं सापडतंय का बघ. संध्यासूर काकूंनी केलं तसं. रोजनिशी, निरोप, काहीही. आपल्या आठवणीवर जाऊ नकोस.

गणितवेडा | गुरुवार, दुपारी १:१५

याला जोरदार अनुमोदन. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी १९७२ मध्ये निक्सनच्या चीन आणि सोव्हिएत दौऱ्याआधी विद्यार्थ्यांकडून अंदाज घेतले होते. कुठली गोष्ट घडण्याची शक्यता किती. दौरे झाल्यावर त्यांना त्यांचेच जुने अंदाज आठवायला सांगितले. जे घडलं होतं त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, असं त्यांना आठवलं. प्रत्यक्षात दिलेली नव्हती. आपलं तेव्हाचं मन काय म्हणत होतं याचे आपण विश्वासू साक्षीदार नसतो.

भिंगरी | गुरुवार, दुपारी १:४०

दोलायमान, तुम्हाला एकच दिवस उरलाय. जे ठरवाल ते ठरवा, पण त्याआधी कारणं तारीख घालून लिहून ठेवा. नऊ वर्षांनी धागा काढावा लागणार नाही.

दोलायमान | गुरुवार, रात्री १०:२०

आज मुलीला विचारलं. इतके दिवस आम्ही दोघंच तिच्याबद्दल बोलत होतो, तिच्याशी नाही. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला ते काम आवडेल का?" मी पगार सांगितला, पद सांगितलं. ती म्हणाली, "ते नाही, काम." मला उत्तर देता आलं नाही. नऊ-नऊ कारणांत हे कुठेच नव्हतं.

संध्यासूर | शुक्रवार, पहाटे ५:१५

मुलाचा फोन आला होता. दीड तास बोललो. तो म्हणाला, "ते वाक्य मी स्वतःला म्हणत होतो, आई. मी तेव्हा यायला हवं होतं." चार वर्षं दोघंही आपापल्या बाजूने तेच पुरं करत होतो.

कातरवेळ | शुक्रवार, सकाळी ७:००

काकू.

पुनर्वसू | शुक्रवार, दुपारी ४:५०

काल रात्री जुने निरोप उघडले. मैत्रिणीला लिहिलेलं एक सापडलं, आई पडायच्या अकरा दिवस आधीचं. जसं आहे तसं उतरवते:

"मला तिथे जायचंय की माझी निवड झाली याचाच आनंद झालाय, कळत नाही. दोन वर्षं बिनपगारी काढायची भीती वाटते. तिथल्या एका मुलीशी बोलले, ती म्हणाली दिवसचे दिवस एकाच पानावर जातात. मला जमेल? सोमवारपर्यंत बघते. नाहीतर नाही म्हणून टाकेन."

हे मी लिहिलं आहे यावर माझा विश्वास बसेना. माझ्या आठवणीत मी बॅग भरून दारात उभी होते आणि आईच्या पडण्याने मला थांबवलं. तशी मी नव्हतेच. मी आधीपासून डळमळत होते, आणि आई पडल्यावर मला सांगता येईल असं कारण मिळालं. नऊ वर्षं मी मनातल्या मनात आईलाही थोडं थोडं जबाबदार धरत आले, आणि तिला याचा पत्ताही नाही.

हलकं वाटलं असं म्हणणार नाही. लाज वाटली, मग बराच वेळ शांत वाटलं. मध्यमा, दार बंद आहे की उघडं हे मला अजून माहीत नाही. पण मी ज्या दारासमोर उभी होते ते वेगळंच होतं. संध्याकाळी आईला निवडीबद्दल सांगणार आहे. कशी सुरुवात करू कळत नाहीये.

तुळशीपत्र | शुक्रवार, संध्याकाळी ५:०५

"आई, तुला एक सांगायचं राहून गेलं" इथून.

दोलायमान | शुक्रवार, संध्याकाळी ७:४०

कळवलं. नाही म्हणालो. पोटात गोळा आहे आणि तासभर फोनकडे बघत बसलोय. बायको म्हणते, चेहरा उतरलाय. भिंगरी, चार ओळी लिहून, खाली तारीख घालून ठेवल्या आहेत. चौथी ओळ मुलीने लिहिली. ती मला वाचू दिली नाही, पाकीट बंद करून टाकलं.